अंकांपासून नादापर्यंत

होटगी हें नांव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. कित्येकांचें तर तें गांवच आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० सालीं सोलापुरास पोंचला व १८७१ सालीं रायचुरास जाऊन मद्रासेकडून आलेल्या मार्गास मिळाला. हा मार्ग रुंद मापाचा. त्याच्या दोन रुळांमध्यें साडेपांच फूट अंतर. पुढें १८८४ सालीं होटगीहून विजापूर व बागलकोट यांवरून गदगेकडे जाणारा दुसरा मार्ग निघाला, तो मात्र एक मीटर मापाचा. दोन्ही मार्ग होटगीस शेजारीं शेजारीं येऊन उभे राहिले; पण एकावरील गाडी दुसऱ्यावर जाऊं शकत नव्हती. विजापुराकडील उतारूस गाडी बदलावी लागे, आणि मालाचीं पोतीं एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरल्यावांचून गत्यंतर नसे. पोतें तेंच, धान्य तेंच. वाहन तेवढें बदलावयाचें. उचलणारा सावध असला तर दाणाहि सांडत नाहीं; तो निष्काळजी असला तर पोतें फाटतें, आणि दोष मात्र गाडीच्या माथीं बसतो. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत तो अरुंद मार्गहि रुंद करण्यांत आला, व मापांचा हा भेद होटगीस उरला नाहीं.

परंतु असाच एक मापभेद आतां आमच्या घरोघरीं येऊन राहिला आहे. संगणक आंकड्यांवर चालतो; गाणें ऐकविणारें घरांतील जुनें यंत्र विजेच्या लहरींवर चालतें. एकाचा माल दुसऱ्याच्या हवालीं करावयाचा तर मध्यें एक जंक्शन लागतें. या जंक्शनाचें नांव डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. बाजारांत त्यास 'डॅक' म्हणतात. आम्ही या लेखांत त्यास 'परिवर्तक' म्हणूं. तें काय करतें, कोणास हवें, आणि त्याजकडून कशाची अपेक्षा करूं नये, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हें लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला. होटगीहून येणारा आमचा एक विद्यार्थी उन्हाळ्याची सुटी संपल्यावर आम्हांस भेटला व म्हणाला, "सर, आमच्या घरचा जुना स्टीरिओ भंगारांत द्यावयाचा ठरला आहे. त्यापूर्वीं आपण एकदां येऊन पाहाल काय?" हकीकत अशी होती. त्याच्या आजोबांजवळ एक कॅसेट होती. तींत त्याच्या आजीनें पहांटे ज्वारी दळतांना म्हटलेल्या ओव्या होत्या. आजी आतां हयात नाहीं. फीत जीर्ण होऊन तुटेल या भीतीनें मुलानें शेजाऱ्यांचें एक चालू कॅसेट-यंत्र मागून आणलें व तें सारें गाणें संगणकांत उतरवून घेतलें. संध्याकाळीं घरच्या मंडळींस बसवून त्यानें तें संगणकाच्याच लहानशा स्पीकरांवर ऐकविलें. आजोबांनीं तें शेवटपर्यंत ऐकलें आणि एवढेंच विचारलें, "आवाज तिचाच आहे, पण जातें कोठें आहे?"

मुलगा हिरमुसला. माळ्यावर एक जुना ॲम्प्लिफायर व लांकडी पेट्यांत बसविलेले दोन मोठे स्पीकर धूळ खात पडले होते. ते त्यानें खालीं काढले, बाजारांतून एक तार आणली, तिचें एक टोंक संगणकाच्या इअरफोनच्या छिद्रांत व दुसरें ॲम्प्लिफायरच्या पाठीमागें घातलें, आणि यंत्र चालू केलें. प्रथम भुंग्यासारखी गुणगुण ऐकूं आली, तिच्यावर खरखर, आणि त्या दोहोंमागून फाटक्या, घोगऱ्या स्वरांत आजीची ओवी. तेव्हां घरांत निकाल लागला कीं, यंत्र म्हातारें झालें, भंगारवाल्यानें किंमतहि सांगितली आहे, देऊन टाकावें.

आम्ही होटगीस गेलों. यंत्र तपासतां असें दिसून आलें कीं, त्यांत म्हणण्यासारखा कोणताच बिघाड नव्हता. दोष तीन होते, तीनहि निरनिराळे होते, आणि तीनहि जोडणीचे होते. ते समजण्यासाठीं नाद आंकड्यांत कसा राहतो हें प्रथम पाहिलें पाहिजे.

नाद म्हणजे हवेचें कंपन. हें कंपन मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळलें म्हणजे त्याच्या तारेंत विजेचा दाब तशाच रीतीनें कमीअधिक होऊं लागतो. हवेची लाट जशी वरखालीं होते तशीच विजेची लाट वरखालीं होते. जुन्या कॅसेटवर ही लाट फितीच्या चुंबकत्वाच्या रूपानें, आणि ग्रामोफोनच्या तबकडीवर नागमोडी खांचेच्या रूपानें उमटविलेली असते. दोन्ही ठिकाणीं लाटेची प्रतिमा लाटच असते. म्हणून फीत झिजली कीं लाटहि झिजते, आणि एका कॅसेटवरून दुसरी व दुसरीवरून तिसरी उतरविली तर प्रत्येक वेळीं कांहीं तरी कमी होतें व खरखर तेवढी वाढते.

आंकड्यांची रीत याहून निराळी आहे. दवाखान्यांत तापाच्या रोग्याच्या उशाशीं एक तक्ता टांगलेला आमच्या वाचकांनीं पाहिला असेल. परिचारिका ठराविक वेळानें ताप मोजते, तक्त्यावर बिंदु देते, आणि बिंदु जोडले कीं तापाचा चढउतार एका वक्र रेषेनें दिसूं लागतो. त्या वेळचा ताप कोणी तक्त्यांत भरून ठेवीत नाहीं. फक्त त्याचे आंकडे लिहिले जातात. संगणक नादाचें असेंच करतो. तो विजेच्या लाटेची उंची ठराविक क्षणांनीं मोजतो आणि आंकडे लिहून ठेवतो. ही युक्ति ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यास पॅरिस येथें टेलिफोनच्या कामावर असतांना १९३७ सालीं सुचली. लांबच्या तारेंत शिरणारी खरखर त्यास टाळावयाची होती. लाटेंत मिसळलेली खरखर वेगळी काढतां येत नाहीं. पण 'एक' कीं 'शून्य' एवढेंच ओळखावयाचें असेल तर खरखरींतूनहि तें ओळखतां येतें. हस्ताक्षर वाईट असलें तरी ७ चा आंकडा ७ च राहतो, तसें हें आहे.

आतां प्रश्न असा कीं, किती वेळां मोजावें? दिवसांतून एकदांच ताप पाहिला तर मध्यरात्रीं चढून पहांटे उतरलेला ताप तक्त्यावर येणारच नाहीं. नादाविषयींचा नियम असा आहे कीं, लाटेंतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळां मोजलें म्हणजे त्या लाटेंतील कांहींहि निसटत नाहीं. या नियमाचा पाया हॅरी नाइक्विस्ट यांनीं १९२८ सालीं घातला व क्लॉड शॅनन यांनीं १९४९ सालीं तो सिद्ध करून मांडला. मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. वय वाढतें तशी वरची मर्यादा खालीं येते. म्हणून १९८२ सालीं जी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली, तिच्यासाठीं दर सेकंदास ४४,१०० मापें घेण्याचें ठरलें. प्रत्येक माप शून्य व एक या दोनच अंकांच्या सोळा घरांत लिहितात. त्यामुळें लाटेची उंची ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसते. डाव्या व उजव्या कानासाठीं मापें वेगळीं. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा: ४४,१०० गुणिले १६ गुणिले २, म्हणजे दर सेकंदास १४,११,२०० अंक. आजीच्या एका ओवीस वीस सेकंद लागले असें धरलें, तरी तिच्यासाठीं दोन कोटी ऐंशी लक्षांहून अधिक अंक लिहिले गेले.

हे अंक कानास ऐकूं येत नाहींत. स्पीकरासहि ते कळत नाहींत. स्पीकरास हवी असते लाट. तेव्हां आंकड्यांवरून पुनः लाट तयार करणें हें परिवर्तकाचें काम. तो एकेक आंकडा घेतो, त्याच्या किंमतीएवढा विजेचा दाब उत्पन्न करतो, आणि दोन बिंदूंमधील कोपरे गाळून टाकून सबंध रेषा गुळगुळीत करतो. येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. कित्येकांस वाटतें कीं, आंकड्यांतून परत आलेला नाद जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक असला पाहिजे. तसें नाहीं. वर सांगितलेला नियम पाळून मापें घेतलीं असतील तर त्या सर्व बिंदूंतून जाणारी, ठरलेल्या मर्यादेंतील लाट एकच असूं शकते. परिवर्तक तर्क लढवीत नाहीं. ती एकच लाट तो पुनः काढून देतो.

यासाठीं त्यास दोन गोष्टी लागतात: अचूक घड्याळ आणि शांत जागा. घड्याळ अशासाठीं कीं, माप ज्या क्षणाचें त्याच क्षणीं तें बाहेर पडलें पाहिजे. क्षण मागेंपुढें झाला तर आंकडा बरोबर असूनहि लाट वेडीवांकडी होते. संगणक तर एकाच वेळीं पन्नास कामें करीत असतो. तो आंकडे संथ धारेनें देत नाहीं, गठ्ठ्यागठ्ठ्यांनीं देतो. म्हणून चांगल्या परिवर्तकांत एक लहानसें गोदाम व स्वतःचें घड्याळ असतें. मालगाडी पोतीं एकदम आणून टाकते. गोदामांतून तीं घड्याळाच्या ठोक्यास एकेक बाहेर पडतात. आणि गोदाम रितें होऊं लागलें कीं परिवर्तकच संगणकाकडे अधिक माल मागतो. शांत जागा अशासाठीं कीं, लाट एकदां तयार झाली म्हणजे आंकड्यांचें तें कवच तिच्या अंगावर राहत नाहीं. तिच्याजवळून जाणारा कोणताहि विजेचा प्रवाह तिला डागाळूं शकतो.

आतां एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों, कारण दुकानदार ती सांगत नाहींत. परिवर्तक प्रत्येक संगणकांत आधींच असतो. तो नसता तर संगणक मुका राहिला असता. मोबाईल फोनांत तो असतो, आणि बिनतारी ब्लूटूथवर चालणाऱ्या स्पीकरांतहि असतो. पुष्कळ संगणकांतील हा आंतला परिवर्तक घरगुती ऐकण्यास पुरेसा चांगला असतो. ज्याच्या घरीं स्वच्छ आवाज येतो त्यानें दुसरा विकत घेण्याचें कारण नाहीं. अडचण येते ती जागेची. संगणकाच्या पेटींत पंखे, स्मरणशक्तीचे भाग, वीज पुरविणारे भाग हे सर्व अगदीं दाटीनें बसविलेले असतात, आणि त्यांच्या प्रवाहांचा गलबला कोमल लाटेंत शिरतो. बाहेरचा परिवर्तक घेण्याचें खरें कारण हेंच कीं, लाट जेथें जन्मते ती जागा त्या गलबल्यापासून दूर न्यावी.

इतकें समजल्यावर होटगीच्या त्या घरांतील तीन दोषांकडे वळूं.

पहिला दोष गुणगुणण्याचा. आमच्या घरांतील वीज दर सेकंदास ५० आवर्तनें करते, आणि भुंग्यासारखा तो सूर तिचाच होता. आम्हीं संगणकाच्या चार्जरची पिन भिंतींतून काढली. संगणक आंतल्या बॅटरीवर चालूं लागला आणि गुणगुण त्याच क्षणीं थांबली. मुलाच्या आईस मोठें नवल वाटलें. कारण असें कीं, संगणक एका खोलींतील प्लगास व ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरील प्लगास लावलेला होता. दोघांच्याहि जमिनीस जाणाऱ्या तारा, म्हणजे अर्थिंग, भिंतींतून एकमेकींस मिळालेल्या. वरून गाण्याची तार त्यांस पुनः जोडणारी. असें एक कडें तयार झालें कीं त्यांत घरच्या विजेचा बारीक प्रवाह फिरूं लागतो व गाण्याबरोबर स्पीकरांत जातो. उपाय सोपा आहे. दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावर लावावीं, किंवा ऐकण्यापुरता संगणक बॅटरीवर चालवावा. ज्यांच्या यंत्रांस प्रकाशाच्या तारेचें छिद्र असेल त्यांनीं ती तार वापरावी. तींतून वीज मुळींच जात नाहीं, फक्त प्रकाशाचे झोत जातात, म्हणून कडें आपोआप तुटतें. परंतु प्लगाची तिसरी पिन मोडून गुणगुण घालविण्याचा जो उपाय कोणी सुचवितात, तो कधींहि करूं नये. ती पिन जीव वाचविण्यासाठीं आहे. गाण्यासाठीं जीव धोक्यांत घालणें हा शहाणपणा नव्हे.

दुसरा दोष फाटक्या आवाजाचा. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागें पुष्कळ छिद्रें असतात व प्रत्येकाखालीं नांव असतें. मुलानें जें पहिलें रिकामें दिसलें त्यांत तार घातली होती, आणि त्याखालीं 'फोनो' असें लिहिलेलें होतें. तें छिद्र ग्रामोफोनच्या सुईसाठीं राखलेलें असतें. सुईची वीज अत्यंत क्षीण, म्हणून तेथें ती शंभराच्या आसपास पटींनीं वाढवितात; शिवाय तबकडी कोरतांना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, ते तेथें परत उचलतात. संगणकाची किंवा परिवर्तकाची वीज मूळचीच मोठी, दोन व्होल्टपर्यंत. ती त्या छिद्रांत घालणें म्हणजे धडधाकट माणसास कानाशीं कर्णा लावून हांक मारणें होय. आम्हीं तार काढून 'ऑक्स' या नांवाच्या छिद्रांत घातली. तें नसल्यास 'सीडी' किंवा 'टेप इन' हीं छिद्रेंहि चालतात. फाटका आवाज गेला व ओवीचा शब्द न् शब्द स्पष्ट झाला.

या दोन दोषांस एक पैहि लागली नाहीं. उरली ती खरखर. ती चमत्कारिक होती. संगणकाचा माऊस हालविला कीं ती वाढे, थांबविला कीं कमी होई. याचा अर्थ उघड होता: फीत किंवा ॲम्प्लिफायर हें तिचें कारण नसून संगणकाच्या पेटींतील गलबला आंतल्या परिवर्तकाच्या लाटेंत शिरत होता. शाळेच्या प्रयोगशाळेंतील काड्यापेटीएवढा एक परिवर्तक आम्हीं बरोबर नेला होता. त्याच्या एका बाजूस संगणकाच्या यूएसबी छिद्रांत जाणारी तार, दुसऱ्या बाजूस लाल व पांढरीं अशीं दोन गोल छिद्रें. लाल उजव्या बाजूचें, पांढरें डाव्या बाजूचें. या तारेंतून संगणक फक्त आंकडे पाठवितो, आणि लाट पेटीच्या बाहेर, त्या काड्यापेटींत जन्मते. तो जोडला, संगणकाच्या ध्वनीच्या यादींत त्याचें नांव निवडलें, आणि माऊस कितीहि फिरविला तरी खरखर आली नाहीं.

तेव्हां मुलानें आजोबांस बोलावून स्पीकरांसमोर बसविलें व ओव्या पहिल्यापासून लावल्या. प्रथम फितीची बारीक सुरसुर ऐकूं आली. मग स्पीकरांच्या पेट्यांतून जड, गोल फिरणारी घरघर निघाली, आणि तिच्यावर आजीचा आवाज. आजोबा कांहीं बोलले नाहींत. कांहीं वेळानें ती घरघर क्षणभर मंद झाली व पुनः भरली. तेव्हां ते हात वर करून म्हणाले, "येथें तिनें वैरण घातली." दाण्यांची मूठ जात्याच्या तोंडांत टाकतांना खुंट्यावरचा जोर किंचित् कमी होतो, तें त्यांनीं इतक्या वर्षांनीं आवाजावरून ओळखलें. घरांतील मुलांस मूठ टाकल्याचें कळलें नव्हतें, कारण त्यांनीं जातें फिरतांना कधीं पाहिलेंच नव्हतें.

शास्त्राशीं इमान राखून येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जातें परत आलें तें परिवर्तकामुळें नव्हे. तें मोठ्या स्पीकरांमुळें आलें. खर्जाचा नाद उत्पन्न करण्यास पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि संगणकांतील दोन बोटें रुंदीच्या पडद्यास तें बळ नसतें. आजीचा स्वर तो काढूं शके, जात्याची घरघर काढूं शकत नसे. म्हणूनच आजोबांस पहिल्या दिवशीं ओवी ऐकूं आली व जातें ऐकूं आलें नाहीं. परिवर्तकानें एवढेंच केलें कीं, आंकडे लाटेच्या हवालीं करतांना वाटेंत कांहीं सांडूं दिलें नाहीं आणि बाहेरची धूळ मिसळूं दिली नाहीं. आमच्या मतें हेंहि थोडें नव्हे. अशा यंत्रसंचास 'हाय-फाय' म्हणतात, व त्या शब्दाचा मूळ अर्थ मूळ नादाशीं उच्च प्रतीचें इमान, असा आहे. गोड लागणें निराळें आणि इमानी असणें निराळें.

याच कारणानें परिवर्तकाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. जें मुद्रणांतच नाहीं तें तो देऊं शकत नाहीं. फितीची सुरसुर मुद्रणांत होती, ती राहिली. पुष्कळ लोक गाणीं एमपी-३ या रूपांत ठेवतात. त्यांत जागा वाचविण्यासाठीं कानास सहसा न जाणवणारे भाग टाकून दिलेले असतात. दर सेकंदास १,२८,००० अंकांचें मुद्रण घेतलें तर तें कॉम्पॅक्ट डिस्कच्या अकराव्या हिश्शाएवढें होतें. एकदां टाकलेलें पुनः मिळत नाहीं, मग परिवर्तक कितीहि महाग असो. म्हणून घरांतील जुनी कॅसेट उतरवून घेतांना ती 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक' या रूपांत ठेवावी. फ्लॅकमध्यें जागा कमी लागते, पण एकहि अंक गमावला जात नाहीं. उतरवितांना आवाजाचा कांटा लाल रेषेपर्यंत जाऊं देऊं नये. तेथें लाटेचें डोकें छाटलें जातें आणि तें पुनः फुटत नाहीं. मूळ फीतहि टाकूं नये. कोरड्या जागीं, चुंबकापासून व स्पीकरापासून दूर ठेवावी. किंमतीविषयीं बोलावयाचें तर परिवर्तक कांहीं शें रुपयांपासून कांहीं लक्षांपर्यंत मिळतात. स्वस्त व मध्यम यांतील फरक पुष्कळांस ऐकूं येतो. मध्यम व अति महाग यांतील फरक डोळे बांधून ओळखणें फार थोड्यांस जमतें. पालकांनीं पैसे खर्चावयाचेच असतील तर ते आधीं स्पीकरांकडे द्यावे.

जे घरीं ही जोडणी करूं इच्छितात त्यांच्यासाठीं क्रम असा. सर्व यंत्रें बंद असतांना तारा जोडाव्या. ॲम्प्लिफायरवरील आवाजाची कळ शून्यावर ठेवावी. संगणक प्रथम चालू करावा, परिवर्तकाचें नांव निवडावें, आणि ॲम्प्लिफायर सर्वांच्या शेवटीं चालू करावा. बंद करतांना तो सर्वांच्या आधीं बंद करावा, म्हणजे स्पीकरांस विजेचा धक्का बसत नाहीं. संगणकांतील आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमीअधिक करणें तें ॲम्प्लिफायरच्या कळीनें करावें. संगणकांत आवाज फार कमी केला तर आंकड्यांच्या खालच्या पायऱ्या वायां जातात. मुळींच आवाज आला नाहीं तर यंत्रास दोष देण्यापूर्वीं यादींत नांव बरोबर निवडलें आहे काय हें पाहावें. दहांपैकीं आठ वेळां चूक तेथेंच असते. स्पीकरांकडे जाणाऱ्या तारांत एका बाजूची लाल व काळी टोकें उलट लागलीं तर दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध ओढतात व खर्ज नाहींसा होतो; तीं सारखीं असावीं. दोन स्पीकर व ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा, आणि स्पीकर कानाच्या उंचीवर असावे. स्पीकरांकडे जाणारी तार संगणकास कधींहि जोडूं नये.

कोणी म्हणेल, एका जुन्या कॅसेटसाठीं इतका खटाटोप कशास? त्यास आमचें उत्तर असें. पुण्याजवळील मुळशी व इतर भागांतील खेड्यांत हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं १९८० नंतरच्या दशकांत जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. कित्येक वर्षांच्या श्रमानें त्या संग्रहांत एक लक्षाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पुढें बर्नार्ड बेल हे संगीत व संगणक या दोहोंचे जाणते त्यांस मिळाले, व त्यांनीं अनेक गांवांत बायकांच्या तोंडून या ओव्यांचें ध्वनिमुद्रण केलें. २०१७ सालापासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानें त्या लोकांपुढें मांडण्यास प्रारंभ केला. ज्या बायकांचीं नांवें त्यांच्या गांवाबाहेर कोणास ठाऊक नव्हतीं, त्यांचे आवाज आज कोणत्याहि संगणकावर ऐकतां येतात. पीठगिरणी आली आणि घरचें जातें थांबलें. जात्याबरोबर ओवीहि थांबली. जी गोष्ट पुनः होणार नाहीं तिची नोंद एकदांच होऊं शकते, आणि ती नीट ऐकणें हें ज्यांच्या हातीं ती आली त्यांचें काम आहे.

आमच्या विद्यार्थ्यांस आमची सूचना एवढीच कीं, येत्या सुटींत घरचे माळे व पेट्या उघडून पाहाव्या. कोठें आजोबांचा आवाज, कोठें एकादें कीर्तन, कोठें लग्नांतील मंगलाष्टकें अशा फिती पडलेल्या असतील. त्या उतरवून घ्याव्या, प्रत्येकीवर नांव, गांव व साल लिहावें, आणि जें यंत्र बिघडलें असें सर्व म्हणतात त्याच्या तारा एकदां स्वतः तपासाव्या. होटगीच्या त्या घरीं भंगारवाला ठरल्याप्रमाणें आला होता. त्यास एक फुटकी बादली व मोडका पंखा देऊन परत पाठविण्यांत आलें. शाळेचा परिवर्तक मुलानें पंधरा दिवसांनीं आणून दिला. घरच्यांनीं स्वतःचा घेतला होता.